न मोजता केलेली सही

३ मार्च, मंगळवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. फाडायला काय, वाचून झाल्यावरही येईल. चार वर्षं मी तोंड दाखवलं नाही आणि आज काम पडलं म्हणून लिहितेय, हे तू ओळखलंच असशील. तेव्हा गोड बोलण्यात तुझा वेळ घालवत नाही.

भिंगरीला नेलं. बालसंरक्षण विभागाच्या लोकांनी.

९ फेब्रुवारीला, सोमवारी, सकाळी साडेआठला. तिला शाळेत सोडून मी गोदामावर जाणार होते. तिच्या एका पायात बूट होता, दुसरा मी पलंगाखाली शोधत होते. दार वाजलं. बाहेर एक चष्मेवाली बाई, छातीशी फाईल धरून. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आपल्याला तशीच सवय ना, दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही. तिने खोली बघितली, फ्रीज उघडून बघितला, भिंगरीच्या कपाळावरची पट्टी बघितली. मग एक कागद पुढे केला. मी सही केली. पंधरा मिनिटांत भिंगरी खाली गाडीत बसली होती. दुसरा बूट नंतर सापडला. तो अजून माझ्याकडेच आहे.

झालं होतं इतकंच की आदल्या शनिवारी ती खेळताना स्टुलावरून पडली. तीन टाके पडले. मी अर्धा तास दूध आणायला खाली उतरले होते, तेवढ्यात. मुलं पडतात. तूही पडायचीस, तुझ्या हनुवटीवर अजून खूण असेल. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची फार काळजी. तिने फोन फिरवला.

आता २० एप्रिलला सुनावणी आहे. भिंगरी माझ्याकडे परत येणार की तिला कायमची दुसऱ्या कुठल्या घरी देणार, ते त्या दिवशी ठरेल. मला फुकटातली वकील मिळाली आहे. बाई बरी आहे, फक्त सारखी खोकते आणि खोकताना मुद्दा विसरते. ती म्हणते, तुमच्या रक्ताच्या माणसाचं एक पत्र हवं, की तुम्ही मुलीला नीट सांभाळता. आई-बाबा नाहीत. भिंगरीचा बाप कुठल्या देशात आहे हे त्यालाच माहीत. राहिलीस तू.

एक पान लिही. मी आवडत नसले तरी चालेल. मुलगी तुला आवडत होती.

तुझी
बारकी


१५ मार्च, रविवार

ताई,

रजिस्टर पत्राची पोच मला परत आली. त्यावर तुझी सही आहे, शेवटी ती शेपटी काढतेस तीच. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. बारा दिवस झाले. तू तुझ्या औषधांच्या दुकानात बाटलीवर लिहितेस तेवढं लिहिलंस तरी चाललं असतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, बहीण बरी आहे.

रागावून सांगत नाही. तुला विचारायचं असेल की मी सही केलीच का. सगळेच विचारतात. वकीलबाईंनी तर डोक्याला हात लावला.

"अहो, दार उघडायची सक्ती नव्हती तुमच्यावर. कोर्टाचा हुकूम दाखवा म्हणायचं. तक्रार काय आहे ते लिहून द्या म्हणायचं. वकील येईपर्यंत सही करत नाही म्हणायचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यांनी सांगायला हवं होतं. मुलीच्या जिवाला लगेच धोका असेल तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर हुकूम लागतो. त्यांच्याकडे हुकूम नव्हता म्हणून तर त्यांना तुमची सही हवी होती!" एवढं बोलून त्यांना खोकला आला.

आता माझं ऐक. गोदामाच्या दारात माझं टेबल असतं, तू कधी बघितलेलं नाहीस. ट्रक येतो, माल उतरतो, ड्रायव्हर मालाचं चलन पुढे करतो, मी पोच देते. दिवसाला साठ सह्या, नऊ वर्षं. आमच्याकडे आधी सही, मोजणी मागाहून. ड्रायव्हरला पुढे चार ठिकाणी जायचं असतं, त्याच्यासमोर खोकी उघडत बसले तर तो शिव्या देईल आणि मुकादम मला घरी पाठवेल. म्हणून सहीखाली आम्ही 'न मोजता' एवढं लिहून टाकतो. मग दोन दिवसांत मोजायचं. कमी भरलं, फुटकं निघालं, तर तक्रार करायची. माल बदलून मिळतो. सही म्हणजे तुम्ही आलात आणि मी बघितलं, इतकंच.

त्या सकाळी कागद पुढे आला आणि माझा हात गेला. मी हसलेसुद्धा. आपण ड्रायव्हरला हसतो ना, जा बाबा आता, तसं. मला वाटलं, ही बाई आली होती याची पोच आहे. बुधवारी, दुसरा दिवस संपायच्या आत, मी त्यांच्या कार्यालयात तक्रार द्यायला गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद काढून दाखवला. 'स्वेच्छेने ताबा देत आहे' असं वर ठळक अक्षरात होतं. तो म्हणाला, दोन दिवस वगैरे असं काही नसतं बाई, आता कोर्टातच बोला. मी त्याला तीनदा विचारलं, मग बदलून कधी मिळेल? त्याला वाटलं मी वेडी आहे.

आता दर गुरुवारी एक तास भेट. खोलीत भिंतीला रंगीत हत्ती काढलेले आहेत आणि कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसते. मी भिंगरीला जवळ घेतलं की ती लिहिते, सोडलं की लिहिते. रडले तर 'आईचा स्वतःवर ताबा नाही', नाही रडले तर 'आईला ओढ दिसत नाही'. मागच्या गुरुवारी मला शिंक आली, तेव्हाही तिने काहीतरी लिहिलं. भिंगरीने विचारलं, "आई, ती काय लिहितेय?" मी म्हटलं, "तू किती उंच झालीस ते." मग ती पूर्ण तास टाचा वर करून उभी राहिली.

ती जिथे राहते तिथल्या बाईला ती काकू म्हणते. बाई चांगली आहे म्हणे. असेलही.

पाच आठवडे उरले आहेत. लिही गं.

बारकी


२८ मार्च, शनिवार

ताई,

चार वर्षांनी तीन शब्द. 'कुलूप होतं का?' ना वर मायना, ना खाली सही.

तुझं कार्ड मी फाडलं. मग तुकडे पिशवीतून काढून टेबलावर लावले आणि परत वाचलं. आज शनिवार, जेवणाची सुट्टी आहे, गोदामात माझ्याखेरीज कुणी नाही. रद्द चलनांच्या मागच्या बाजूवर लिहितेय.

हो. होतं.

तुला कसं कळलं असं विचारणार होते, पण त्यात काय विचारायचं. तुला नाही कळणार तर कुणाला. आई आपल्याला रोज कोंडूनच कामावर जायची. बाहेरून कडी, कडीला कुलूप, किल्ली तिच्या पदराच्या टोकाला. दुपारी दोन वाजेपर्यंत. मला कधी भीती वाटली नाही त्याची. मला तर ते दिवस चांगले आठवतात. आपण चादरीचं घर करायचो आणि तू सगळ्यांचे आवाज काढायचीस. म्हणून मला वाटलं, त्यात काय एवढं. आपण नाही का वाढलो.

मी विसरले होते की आपण दोघी होतो. माझ्याबरोबर आत तू होतीस. भिंगरीबरोबर कुणी नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या आजीबाई शनिवारी तिला सांभाळायच्या. डिसेंबरात त्या मुलाकडे राहायला गेल्या. शनिवारची पाळी सोडली तर मुकादम कामच सोडायला सांगतो. पाळणाघर शनिवारी बंद. तू म्हणशील, शेजारी विचारायचं. कुणाला? खालच्या बाईला? मी तिच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते, जिन्यातल्या कचऱ्यावरून.

अर्धा तास नव्हता, ताई. दूधही नव्हतं. साडेआठ ते दीड. सात शनिवार. मी गॅस बंद करून जायचे, सुऱ्या कपाटावर ठेवायचे, सफरचंद चिरून ठेवायचे. सगळं बघून जायचे. पहिल्या शनिवारी मी गोदामात सारखी घड्याळाकडे बघत होते. चौथ्या शनिवारी मी दहा वाजता घड्याळ बघायला विसरले. ते मला सगळ्यात जास्त टोचतं.

सातव्या शनिवारी ती खिडकीतून मी दिसते का बघायला स्टुलावर चढली आणि पडली. रक्त आलं. ती दाराला तोंड लावून हाका मारत होती. खालची बाई वर आली, कडी ओढून बघितली, कुलूप बघितलं. दारात बसून ती दोन तास दाराच्या फटीतून भिंगरीशी बोलत राहिली. मी आले तेव्हा ती तिथेच बसली होती. तिने मला एक शब्दही ऐकवला नाही. मी तिला काय म्हणाले, ते मी तुला लिहिणार नाही.

अजून एक. चष्मेवालीने अहवालात लिहिलंय की खोलीत भिंतीवर बाणाचे स्टिकर होते, पलंगापासून दारापर्यंत, आणि 'मूल बाहेर पडण्याचा मार्ग दाखवत असावे'. हे वाचून मी वकीलबाईंसमोर मोठ्याने हसले. ते खोक्यांवर लावायचे स्टिकर आहेत, 'ही बाजू वर' सांगणारे. मी गोदामातून आणते, भिंगरी खेळते. मी काहीतरी लपवायचं आणि तिने बाण लावत लावत शोधायचं, असा आमचा खेळ. मी ते सगळ्यांना पटवून सांगितलं. मग घरी येऊन बघितलं. आमच्या खेळातले बाण कपाटाकडे, पलंगाखाली, टेबलामागे जातात. दाराकडे जाणारे मी कधी बघितले नव्हते.

वकीलबाईंना मी अजून कुलपाचं सांगितलेलं नाही. त्या कोर्टात सांगणार आहेत की कुलूप नव्हतं, कडी फक्त ओढून घेतली होती. खालच्या बाईचा शब्द आणि माझा शब्द. तूही तसंच लिही. तुझ्या पाया पडते.

बारकी


६ एप्रिल, सोमवार

ताई,

तुझ्याकडून काही नाही. पोच मात्र आली.

वकीलबाईंनी आज मला फैलावर घेतलं. विभागाच्या फाईलची प्रत त्यांच्या हातात आली. त्यात एक फॉर्म आहे. मुलाला परक्या घरी ठेवण्याआधी त्यांना विचारावं लागतं, कुणी नातेवाईक सांभाळायला तयार आहे का. ते त्यांनी विचारलं होतं. सगळी चूक त्यांचीच असं मला तुला सांगायचं होतं, पण हे त्यांनी विचारलं होतं. मुलीला गाडीत बसवण्याआधी, माझ्याच टेबलावर. त्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, 'कोणी नाही'.

सही न वाचता केली. हे मात्र वाचून लिहिलं.

"तुम्ही तर म्हणता बहीण आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"आहे."

"मग? ती दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन गेली असती. दोन महिने मुलगी परक्याकडे आहे, बाई!"

त्याचं उत्तर तुला देते.

भिंगरी चार महिन्यांची असताना मी अंथरुणातून उठत नव्हते. तिचा बाप गेला होता. ती रडायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. तू आलीस, मला काही विचारलं नाहीस, तिला उचललंस आणि घेऊन गेलीस. अकरा महिने. मी बरी झाले, परत कामावर जायला लागले, तुझ्याकडे भेटायला आले. मी तिला कडेवर घेतलं तर ती किंचाळायला लागली आणि तुझ्याकडे हात पसरले. तू तिला घेतलंस आणि म्हणालीस, "होईल गं सवय." तू हसून म्हणालीस. चांगल्या मनाने म्हणालीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या आठवड्यात तू दुकानात असताना मी आले. तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींना म्हणाले, ताईला माहीत आहे. त्यांचा माझ्यावर विश्वास. सख्खी आई ती. त्यांनी पोर माझ्या हातात दिली. ती झोपली होती, एका पायात मोजा होता. तुझ्या टेबलावर मी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. संध्याकाळी दुकान बंद करून तू घरी आली असशील तेव्हा काय झालं असेल, याचा विचार मी चार वर्षं केला नाही. खरंच नाही केला. ९ फेब्रुवारीला पलंगाखालचा बूट हातात आला तेव्हा केला.

माझ्याजवळ हक्क होता. कोर्टानेही माझ्याच बाजूने सांगितलं असतं. तरी मी चोरासारखी आले, कारण तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस आणि मग मला तुझे उपकार मानावे लागले असते.

म्हणून लिहिलं 'कोणी नाही'. त्या खोलीत उभ्या उभ्यासुद्धा मला वाटलं, कुणाकडेही जाऊ दे, पण परत ताईकडे नको. अशी मी आहे. मुलीला परक्या दारात उभं केलं, पण तुझ्यासमोर मान खाली घालायला तयार नव्हते.

आता काय लिहायचं ते तू ठरव. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

बारकी


२१ एप्रिल, मंगळवार

तू आलीस.

मी मागे वळून बघितलं तर तू शेवटच्या बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून. केस किती पांढरे झाले तुझे. मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होणार. लहानपणी तू खोलीत असलीस की मला वाटायचं तसं.

सुरुवात आपल्याच बाजूने झाली. वकीलबाईंनी माझ्या सहीचा कागद वर धरला. चष्मेवालीला विचारलं, "सही न करण्याचा त्यांना हक्क आहे, हे तुम्ही सांगितलंत का?"

"त्या हसून सही करत होत्या."

"मी ते विचारलं नाही. सांगितलंत का?"

"वेगळं असं नाही सांगितलं."

"आणि सहीखाली हे काय लिहिलंय?"

चष्मेवाली म्हणाली, काहीतरी गिरवलेलं आहे, नाव असेल. न्यायाधीशांनी कागद जवळ घेतला. मला विचारलं. मी बघितलं तर माझ्याच हाताचं, बारीक अक्षरात, 'न मोजता'. मला आठवतही नव्हतं लिहिल्याचं. मी त्यांना सांगितलं, आमच्या कामात मालाची तपासणी न करता सही करावी लागली की असं लिहितात, म्हणजे मान्य आहे असा अर्थ होत नाही, मोजायचं बाकी आहे असा होतो. कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मेवालीला जे सुनावलं ते तू ऐकलंसच. हुकूम नाही, हक्क सांगितले नाहीत, आणि जी सही दाखवता ती देतानाच बाई सांगतेय की मी हे बघितलेलं नाही. वकीलबाईंचा खोकलासुद्धा थांबला होता.

तेव्हाच उठायचं आणि घरी जायचं. पण तुला बोलावलं.

तुला विचारलं, बहीण मुलीला कोंडून जात होती का, याबद्दल काही माहीत आहे का. आणि तू पर्स उघडलीस. मी ओळखलं. गुलाबी कागद, रद्द चलन. तू माझं पत्र काढून त्यांच्या हातात दिलंस. तू ते पत्र दिलंस, ताई! बाणांचं, सात शनिवारांचं. वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं, ती नजर मी विसरणार नाही. मी उभ्या जागी संपले.

आणि तू म्हणालीस, "मी खोटं बोलायला आले नाही. मुलगी मागायला आले."

शेवटी काय झालं तर मुलगी नेली ती पद्धत चुकीची, आणि तरीही मुलगी माझ्याकडे नाही. सहा महिने तुझ्याकडे. मग पुन्हा तारीख. मी शनिवारची व्यवस्था करून दाखवायची. बाहेर येऊन वकीलबाईंना विचारलं, आपण जिंकलो की हरलो? त्या म्हणाल्या, "मला विचारू नका. माझ्याशी खोटं बोललात तुम्ही."

तू पायऱ्यांवर माझी वाट बघत होतीस. मी तुझ्या शेजारून निघून गेले. तुला हवंच होतं ना ते मिळालं तुला. चार वर्षांपूर्वीचं वसूल केलंस.

हे पत्र रजिस्टरने पाठवत नाही. पोचलं नाही तरी चालेल.


२ मे, शनिवार

ताई,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाड. हे ठेव.

मागच्या आठवड्यात वकीलबाईंनी मला परत बोलावलं. राग गेला नव्हता, पण बोलावलं. विभागाकडचा एक फोटो दाखवला, आधी मिळालेल्या प्रतीत तो नव्हता. कुलपाचा. खालच्या बाईने त्याच दिवशी काढून दिला होता आणि विभागाचे लोक तो कोर्टात शेवटी पुढे करणार होते. मी कुलूप नव्हतं म्हटलं असतं आणि तो फोटो आला असता, तर भिंगरी मला, तुला, कुणालाच मिळाली नसती. तुला फोटोचं माहीत नव्हतं. तू नुसती खरं बोललीस. मला त्याचाही थोडा राग आहे, तो राहू दे.

मी खालच्या बाईकडे गेले होते. दारातच उभी राहिले. म्हटलं, माझी पोरगी दोन तास एकटी नव्हती, ते तुमच्यामुळे. ती म्हणाली, "चहा घेता का?" मग आम्ही चहा प्यायलो आणि जिन्यातल्या कचऱ्याबद्दल बोललो. शनिवारी मुलीला ठेवेन म्हणाली, पुढेमागे परत आली की.

परवा विभागात जाऊन ताब्याच्या कागदावर सही केली. चष्मेवालीने या वेळी माझे हक्क एकेक करून वाचून दाखवले, घसा साफ करून, शाळेतल्या कवितेसारखे. मग मी कागद मागून घेतला आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून दोन तास वाचला. ती दोनदा घड्याळाकडे बघून गेली. मी म्हटलं, मोजतेय. नातेवाइकांच्या रकान्यात तुझं नाव, पत्ता, नातं लिहिलं. नातं लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. सहीखाली काही लिहिलं नाही.

घरी आल्यावर कपाटातून तुझं जुनं पाकीट काढलं. मी तिला घेऊन आले त्याच्या चौथ्या दिवशी तू पाठवलेलं. मी ते उघडलंच नव्हतं. मला वाटलं होतं आत शिव्या असतील, आणि त्या मला झेपल्या नसत्या. चार घरं बदलली पण टाकलंही नाही. परवा उघडलं. आत शिवी एकही नाही. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे तुझ्या अक्षरात लिहिलंय. उजव्या कुशीवर झोपते. दूध कोमट, गरम नको. ताप आला तर अर्धा चमचा, सहा तासांच्या आत परत नको. शिट्टीच्या आवाजाला घाबरते. रडली तर लगेच उचलू नकोस, नुसतं जवळ बस, आपोआप थांबते.

तुझ्या घरून पोर चोरून नेली आणि तू मला तिला सांभाळायचं कसं ते लिहून पाठवलंस. मी जमिनीवर बसले आणि रडले. वही घेऊन बसलेलं कुणी नव्हतं, तेव्हा पोटभर रडले.

सोमवारी अकरा वाजता ते तिला तुझ्याकडे आणून सोडतील. मला त्यांच्या गाडीत बसता येणार नाही, तसा नियम आहे. पिशवी मी परवाच देऊन आले. मोजून घे, मग पोच दे. पाच फ्रॉक, दोन स्वेटर, निळी चादर, बाणांच्या स्टिकरची एक गुंडाळी, चित्रांची तीन पुस्तकं, त्यातल्या एकाचं शेवटचं पान नाही. आणि डावा बूट. उजवा तिच्या पायात होता, तो काकूंनी जपून ठेवलाय म्हणे. आता दोन्ही लहान होतील, तरी जोडी असू दे.

तुझ्या चिठ्ठीत चार वर्षांनी थोडे बदल आहेत. आता डाव्या कुशीवर झोपते. दूध गार लागतं. शिट्टीला घाबरत नाही, कडी वाजली की घाबरते, तेव्हा दार लावताना तिला सांगून लाव. आंघोळीला गेलीस तरी गाणं म्हणत राहा, म्हणजे तू घरात आहेस ते तिला ऐकू येईल. पहिल्या दिवशी ती तुला काय म्हणायचं ते विचारेल. तिला जे म्हणायचं असेल ते म्हणू दे.

शेवटचं एक, तुझ्या ओळीपुढेच लिहितेय. ती हल्ली रडत नाही. हत्तींच्या खोलीत रडली नाही, काकूंकडे एकदाही रडली नाही म्हणे, सगळे तिचं कौतुक करतात. तू तिच्या रडण्याची वाट बघू नकोस. तशीच जवळ बस.

तुझी
बारकी